दिसलं, ऐकलं, शंका आली

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
११ जुलै २०२५

सुलेखा,

सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर एकच टिक येते. पिशोरला रेंज नसेल असं मी महिनाभर समजत होते, शेवटी संघातली करुणा म्हणाली, "ताई, त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय हो." चोवीस वर्षांच्या पोरीनं मला हे सांगावं! बरं, पोस्टमनला ब्लॉक करता येत नाय, म्हणून हे पत्र.

काल आषाढ पौर्णिमेला आपल्या मैत्री संघात वर्षावास सुरू झाला. सकाळी सहाला त्रिशरण-पंचशील, मग तासभर श्वासावर लक्ष ठेवून आनापान, मग मैत्रीभावना. आधी स्वतःला सुखी हो म्हणायचं, मग मित्राला, मग अनोळखी माणसाला, मग ज्याच्याशी पटत नाही त्याला. मी तुला मित्राच्या जागी बसवायला गेले, तू काही बसेनास. चौथ्या जागीही बसवून बघितलं. शेवटी डोळे उघडून पंख्याकडं बघत राहिले. नऊ महिने हेच चाललंय, म्हणून स्पष्ट लिहिते.

मी काय खोटं बोलले? तुझ्या घरात देवीचा टाक होता की नव्हता? देवीची छबी उठवलेला तो चांदीचा एवढासा पत्रा, होता ना? देवदेवता मानणार नाही या बावीस प्रतिज्ञा तूही म्हणतेस, मीही म्हणते. आणि पवारणा म्हणजे काय गंमत आहे का? वर्षावास संपला की भिक्खू एकमेकांपुढं हात जोडून म्हणतात, माझ्याबद्दल काही दिसलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल तर सांगा. आपण संसारी माणसांनी तो दस्तूर संघात आणला, तो काय एकमेकांची तारीफ करायला नाही. गेल्या अश्विनी पौर्णिमेला तू चाळीस जणांपुढं गुडघे टेकून बसलीस, "सांगा" म्हणालीस. मी उठले आणि म्हणाले, "सुलेखाच्या घरी देवीचा टाक आहे. मला दिसला." तू मान वर करून माझ्याकडं बघितलंस, एक शब्द बोलली नाहीस. संघानं ऐकलं, मान्य आहे, म्हणून सगळे साधु म्हणाले. तू चपला घातल्यास आणि पिशोरला निघून गेलीस.

काही बोलायचं होतं तर तिथंच बोलायचंस. घाटी दवाखान्यात तेहतीस वर्षं सिस्टर म्हणून काढली मी. वॉर्डात चूक झाली तर डॉक्टरलासुद्धा सोडलं नाही, तुला कशी सोडणार?

आता मुद्द्याचं. पिशोरचा आपला रविवारचा वर्ग बंद पडलाय. सहा वर्षं दोघींनी चालवला. बायकांना ध्यान, पोरींना दहावीचं गणित. तीन शाळकरी पोरींची लग्नं त्या वर्गातल्या बायकांनी मंडप पडायच्या आधी थांबवली, आणि आता सतरंज्या विहाराच्या कोपऱ्यात धूळ खात पडल्यात. तुझा राग माझ्यावर असेल तर असू दे, वर्गावर कशाला काढतेस? सुरू कर.

आणि एक. येत्या पवारणेला मला धम्मसेविकेची दीक्षा मिळणार आहे. एकोणीस वर्षं थांबले मी. तू यावंस असं वाटतं. झालं गेलं सोड आणि ये.

तुझी
रत्नाताई


१० ऑगस्ट २०२५

सुलेखा,

जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. आख्ख्या कार्डावर दोनच ओळी! "ताई, पत्रं पाठवू नका. आत्याबाई सकाळचं खाईनात, त्यांना भरवण्यात माझा सगळा वेळ जातो." वर जय भीम नाही, खाली सही नाही. माझा पाराच चढला. सासूच्या खाण्याचा माझ्या पत्राशी काय संबंध, म्हणत कार्ड टीव्हीखाली फेकलं. दोन दिवसांनी वाकून परत काढलं.

संबंध असणार, अशी शंका मला आलीच होती. म्हणून तर पारा चढला.

एक गोष्ट लिहिते. तुला ती ठाऊकच आहे, पण माझ्या हातानं ती आजवर लिहिली गेली नव्हती. टाक मला दिसला नव्हता. मी तुझ्या घरी येऊन ओट्यावर चहा पिऊन जायचे, आतल्या खोलीत कधी पाय ठेवला नाही. टाकाचं तूच मला सांगितलंस, दौलताबादच्या शिबिरात, आपण दोघी मेथी निवडत होतो तेव्हा. "ताई, माझी प्रतिज्ञा मोडली का?" असं विचारलंस. मी म्हणाले, "बघू. मी कुणाजवळ बोलत नाही."

आणि आपल्या संघाचा नियम तू जाणतेस. नुसतं ऐकलेलं असेल, शंका असेल, तर आधी त्या माणसाला एकट्यात गाठून विचारायचं. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सभेत सांगायचं. मी "ऐकलं" म्हणाले असते तर सभा चालवणाऱ्या अप्पाराव सरांनी मला तिथंच खाली बसवलं असतं. म्हणून "दिसला" म्हणाले. सकाळी खोटं बोलणार नाही असं शील घेतलं आणि त्याच सकाळी ते मोडलं, तेही तुझी प्रतिज्ञा मोडली हे सांगायला.

"ताई, तुम्ही कधी बघितला?" एवढं तू विचारलं असतंस तर माझी पुरी फजिती झाली असती. तू का गप्प बसलीस गं? मला वाचवायला? तसं असेल तर मला तुझा अजूनच राग येतो, सांगून ठेवते.

हे सध्या तुझ्यामाझ्यात राहू दे. दीक्षा एकदा होऊ दे, मग मी स्वतः पिशोरला येऊन तुझी माफी मागते. सगळं नीट होईल.

आत्याबाईंना नाचणीचं सत्त्व दुधातून देऊन बघ, पातळ करून.

रत्नाताई


७ सप्टेंबर २०२५

सुलेखा,

तुझ्या कार्डाचा अर्थ नीट लागेना म्हणून मी करुणाला पिशोरला पाठवलं होतं. ती काल आली. तू तिला भाकरी खाऊ घातलीस, माझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाहीस, हे तिनं आधी सांगितलं. मग कचरूचं सांगितलं.

मला हे काही माहीत नव्हतं, सुलेखा. मी सभेत बोलले त्याच्या आठव्या दिवशी ते तुमच्या वस्तीत पोचलं, आणि तुझा दीर कचरू, विहाराचा अध्यक्ष, चार माणसं घेऊन घरी आला, आपल्याच म्हाताऱ्या आईच्या मुठीतून टाक ओढून घेतला आणि नदीत टाकून आला. बोटं उघडेनात तेव्हा एकेक करून उघडली म्हणे. त्या दिवसापासून दगडाबाई, तुझ्या आत्याबाई, रोज सकाळी आईला शोधतात, आणि आई सापडत नाही म्हणून सकाळचं खात नाहीत. करुणा सांगताना रडत होती. मी रडले नाही. मी गॅस पुसत बसले, मग परत पुसला.

तू मला मेथी निवडताना फक्त टाक आहे एवढं नव्हतंस सांगितलं. सगळं सांगितलं होतंस. दगडाबाई सोळा वर्षांच्या, नव्या नवरी, तेव्हा आख्ख्या वस्तीनं धम्म घेतला आणि घरोघरचे देव नदीत सोडले. त्यांनीही सोडले. फक्त आईनं लग्नात दिलेला तो एक टाक ज्वारीच्या कणगीत दडवला. कधी कुंकू वाहिलं नाही, कधी दिवा लावला नाही. आईच्या हातचं तेवढंच होतं त्यांच्यापाशी. आता म्हातारपणी डोकं विसरलं. तुझं नाव आठवत नाही, नवरा आणि थोरला पोरगा गेल्याचं आठवत नाही. सकाळी उठल्या की "माझी आई कुठंय?" टाक हातात दिला की शांत बसायच्या आणि घास घ्यायच्या, म्हणून तू द्यायचीस.

हे सगळं मला ठाऊक होतं. सभेत त्यातलं एक अक्षर मी बोलले नाही. तेहतीस वर्षं अशा म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी उभी राहिलेली बाई मी! मला नाही कळलं असं मी म्हणूच शकत नाही.

का नाही बोलले, तेही लिहून टाकते. गेल्या वर्षी पवारणेच्या आठ दिवस आधी अप्पाराव सर मला हॉलच्या जिन्यात थांबवून म्हणाले, "यंदा दीक्षेला सुलेखाचं नाव पुढं करतोय. तिची तयारी आधी झाली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी हसून छान म्हणाले आणि घरी येऊन कुकर असा आपटला की शिट्टी उडून बेसिनमध्ये पडली. तुला संघात मी आणलं. आनापानाला पाठ सरळ ठेवायला मी शिकवलं. आणि माझ्यानंतर सात वर्षांनी आलेली तू माझ्या आधी! मला तुझा हेवा वाटला. तेवढंच आहे, आणखी काही नाही. प्रतिज्ञा, धम्म, शिस्त हे सगळं मी त्यावर पांघरलेलं होतं.

तेव्हा गेल्या पत्रातलं ते "तुझ्यामाझ्यात राहू दे" मी मागं घेते.

रत्नमाला


२८ सप्टेंबर २०२५

सुलेखा,

घाईत लिहिते. आज अप्पाराव सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, मला सांगितलंत, पश्चात्ताप झाला, सुलेखाची एकट्यात माफी मागा, पुरे झालं. सेक्रेटरी इंद्रजीत तर हातच जोडायला लागला. पत्रिका छापून झाल्यात, परभणी-नांदेडहून पाहुणे येणार आहेत, आता संघाची शोभा कशाला करता, म्हणाला.

मी म्हणाले, सांगितलं चाळीस जणांपुढं, तर कबूलही चाळीस जणांपुढंच करीन. इंद्रजीत म्हणाला, "ताई, लई हट्टी आहात." आहेच.

र.


८ ऑक्टोबर २०२५

सुलेखा,

जय भीम.

काल पवारणा झाली. तुला पत्रिका गेली होती, तू आली नाहीस, ते ठीकच आहे. काय घडलं ते दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून वाच.

माझी पाळी आली. गुडघे टेकले, डावा गुडघा कुरकुरला, हात जोडले. "माझ्याबद्दल जे दिसलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, ते मैत्रीनं सांगा." दीक्षा घेणारी बाई, कोण बोलणार? सगळे साधु म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "तुम्हाला काही दिसलं नसेल तर मी सांगते."

आणि सांगितलं. टाक दिसला नव्हता, सुलेखानं विश्वासानं सांगितला होता. कुणाला सांगणार नाही असं म्हणून मी सांगितला. तो पूजेला नव्हता, एका विसरलेल्या म्हातारीच्या मुठीत होता, हे ठाऊक असून लपवलं. दीक्षेत ती माझ्या पुढं गेली म्हणून लपवलं. त्यामुळं एका म्हातारीचं खाणं तुटलं. कचरूचं नाव घेतलं नाही, ते माझं पाप नाही. माझा आवाज अजिबात थरथरला नाही याचं मलाच नवल वाटलं.

अप्पाराव सर म्हणाले, "चूक कबूल केली. संघानं ऐकली. साधु." चारदोन जण साधु म्हणाले. तेवढ्यात मंजुषा उभी राहिली. तुझ्या जागेवर आता ती बसते. ती म्हणाली, "थांबा. मागच्या वर्षी आम्ही चाळीस जण खोट्याला साधु म्हणालो? मी वर्षभर सुलेखाताईंशी बोलले नाही. लग्नात भेटल्या तर तोंड फिरवलं. आता मी कुठं तोंड लपवू, रत्नाताई?" ती उत्तरासाठी उभीच राहिली, आणि मी गुडघ्यांवर तशीच. आख्ख्या आयुष्यात कुणी माझ्याकडं इतका वेळ असं बघितलं नव्हतं.

मग मी म्हणाले, दीक्षा मी घेत नाही. इंद्रजीतनं डोक्याला हात लावला. पुढच्या वर्षी, असं सर म्हणाले. मी म्हणाले, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी तुम्ही ठरवा, मी मागणार नाही. आणि सुलेखाचं नाव गेल्या वर्षी माझ्या खोट्यामुळं खोडलं गेलं, ते तिला विचारून परत लिहा. ते त्यांनी मान्य केलं. तू हो म्हण किंवा नाही म्हण, तुझी मर्जी.

घरी आले तर दीक्षेची पांढरी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेली. एकोणीस वर्षं, सुलेखा! तेव्हा मात्र रडले. वाईट वाटत नाही असं कशाला म्हणू? लई वाईट वाटलं.

पण खोटं काही हॉलमध्ये थांबलं नव्हतं. ते पिशोरला पोचलं, म्हणजे खरंही तिथं पोचवायला हवं. रविवारी सकाळच्या गाडीनं येते. वस्तीच्या विहारात वंदनेला सगळ्यांपुढं सांगणार आहे. तुला भेटलंच पाहिजे असं नाही. दार बंद असलं तर दारातून परत जाईन, पण येणार.

रत्नमाला


पिशोर
१२ ऑक्टोबर २०२५, दुपार

सुलेखा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तुझ्याच घरात बसून लिहितेय. आशा वर्कर म्हणून तुझी आज पोलिओ डोसची ड्युटी. शेजारच्या भामाबाई म्हणाल्या, दुसरीची पाळी होती, तू मागून घेतलीस. बरोबर केलंस.

विहारात सांगितलं. साठसत्तर माणसं होती, आपल्या वर्गातल्या बायका सगळ्या होत्या. कचरू समोरच बसला होता. माझं बोलून झाल्यावर तो उठला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही काय बी म्हणा, टाक तर व्हता ना घरात? मग माझं काय चुकलं?" मी म्हणाले, "टाक होता. पूजा नव्हती. तुम्ही मला विचारलं नाहीत, वहिनीला विचारलं नाहीत, आणि आईला तर नाहीच नाही. मी तरी कुठं विचारलं होतं? तुमच्यामाझ्यात फरक असेल तर एवढाच, की मला सगळं ठाऊक होतं." तो खाली बसला. नंतर बाहेर चपला घालताना मला म्हणाला, "आई मला वळखत नाय आता. आलो की भिंतीकडं तोंड करती."

तिथून परतच फिरणार होते. तीनची गाडी होती. पण ओट्यावर भामाबाई ताटली घेऊन बसलेल्या, दुधात कुस्करलेली भाकर, जशीच्या तशी. म्हणाल्या, "सकाळधरून एक घास नाय. तुमी नर्स ना? बघा बरं." पहिल्यांदा तुझ्या आतल्या खोलीत गेले.

दगडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एवढ्याशा झाल्यात गं. हाताची मूठ वळलेली, आत काही नाही. मला बघून म्हणाल्या, "माझी आई कुठंय?"

अशा पेशंटला काय सांगायचं ते मला पाठ आहे. येईल हं आता, बाजाराला गेलीय, तुम्ही जेवून घ्या. हजारदा सांगितलंय, त्यात काही वाईट नाही, माणूस दोन घास खातो. तेच तोंडावर आलं होतं. पण ते मला बोलता येईना. कुणालाही सांगितलं असतं, या बाईला नाही.

मी म्हणाले, "मी घालवली, आजी. माझ्यामुळं गेली."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "व्हय?"

"व्हय."

"तू घालवली?"

"मीच."

मला वाटलं, आता ओरडतील, मारतील, तर मारू देत. भामाबाई दारात तोंडाला पदर लावून उभ्या. मग म्हाताऱ्या बाईनं हात पुढं केला, माझा पदर धरला आणि खाली ओढला.

"मंग तू बस हितं," म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

सहा घास खाल्ले, सुलेखा. मी मोजले, माझी सवय. सातव्याला मान फिरवली. मग माझा पदर मुठीत घट्ट धरून भिंतीला टेकल्या आणि झोपल्या. मी दोनदा सोडवायला बघितला. बोटं उघडता आली असती, पण मी उघडली नाहीत. तशीच शेजारी बसून डायरीचं पान फाडून मांडीवर लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

माफी मी मागणार आहे, पण ती कागदावर नाही. तू द्यावीस असंही नाही. तीनची गाडी मघाशीच गेली. भामाबाई म्हणाल्या तू पाचपर्यंत येशील. आलीस की मला तोंडावर जा म्हण, लगेच उठते. पण हिची मूठ तू सोडव, माझ्यानं होणार नाही.

रत्नाताई